रात्रीचा फोन कोणी घ्यायचा?

खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या ओळखीच्या मुली हल्ली मला मेसेज करून विचारतात, "अक्का, अ‍ॅनेस्थेशियात, म्हणजे भूलशास्त्रात, एमडी घेऊ की नको? संसार जमतो का त्यात?" घरच्या वडीलधाऱ्यांचं उत्तर तयार असतं. बायकांना बरा विषय आहे, ओपीडी नाही, पेशंटचा पाठपुरावा नाही, काम संपलं की घर. मी बेळगावात हे काम केलंय आणि आता इंग्लंडमध्ये, यॉर्कशायरमधल्या एका सरकारी रुग्णालयात करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. काम संपलं की घर, हे खरं. पण काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार, हे आपल्याकडे भूलतज्ज्ञाला कोणी विचारत नाही.

बेळगावात मोठी रुग्णालयं सोडली तर भूलतज्ज्ञ फिरतीवर असतात. सकाळी टिळकवाडीत हर्निया, दुपारी शहापूरला सिझर, मध्येच कॅम्पात मोडलेलं हाड. पगार नाही, केसमागे पैसे, तेही सर्जन देईल तेव्हा. २०१७ साली कायदा बदलून बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, पण ती नोकरीवर असलेल्या बाईला. फिरतीवरच्या डॉक्टरणीला त्यातला एक दिवसही मिळत नाही. माझ्या कितीतरी मैत्रिणी दोन-तीन महिन्यांचं बाळ आईकडे ठेवून कामावर परतल्या, कारण सर्जनला एकदा दुसऱ्याला बोलवायची सवय लागली की ते काम हातचं जातं.

रात्रीच्या सिझरचं सांगते. पावसाळ्यात खानापूरच्या रस्त्यानं, गाडीचे वायपर जोरात फिरत असताना, तुम्ही नर्सिंग होमला पोचता. बाई टेबलाच्या कडेला बसवलेली असते, कळा चालूच. तिला पाठ गोल करायला सांगायचं, दोन कळांच्या मधल्या वेळात बोटानं मणक्यांमधली फट चाचपायची आणि बारीक सुई आत घालायची. सुईतून मणक्यातलं स्वच्छ पाणी थेंबाथेंबानं आलं की औषध सोडायचं, जेमतेम दोन मिली. लगेच तिला आडवी करायची. आता रक्तदाब पडणार, तिला मळमळणार, त्यामुळे एक हात सलाइनवर आणि नजर मॉनिटरवर. औषधं तुम्हीच भरलेली, मशीन तुम्हीच तपासलेलं. बाळ लगेच रडलं नाही तर बालरोगतज्ज्ञ येईपर्यंत तिकडेही तुम्हीच बघायचं, आई टेबलावर असताना. (जन्मलेल्या बाळाचा रंग, नाडी, श्वास बघून गुण द्यायची पद्धत १९५३ साली छापून आली, ती मांडणारी व्हर्जिनिया अ‍ॅपगारही भूलतज्ज्ञच होती.) पहाटे घरी पोचलात तरी साडेआठला पहिली केस असतेच.

इथेही रात्री तेच सिझर, तीच सुई आणि जवळपास तेच औषध. फक्त माझ्या शेजारी भूल देण्यात मदत करण्यासाठीच प्रशिक्षण घेतलेला माणूस उभा असतो. त्याच्याशिवाय मी सुरू करत नाही आणि मला कोणी घाई करत नाही. बाळासाठी वेगळी टीम असते. आणि सकाळी कोणीतरी येऊन माझ्याकडून सगळं समजून घेतं आणि मला घरी पाठवतं. कायद्यानं आठवड्याचे तास सरासरी ४८ च्या आत ठेवायचे आणि दोन पाळ्यांमध्ये ११ तासांची विश्रांती द्यायची. गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत रात्रपाळी काढून घेतात. रजा वर्षभरापर्यंत मिळते, त्यात पहिले आठ आठवडे पूर्ण पगार, पुढचे अठरा अर्धा. परत आल्यावर सुरुवातीला वरिष्ठ सोबत असतात, हात बसेपर्यंत. प्रशिक्षणातले डॉक्टर ८० किंवा ६० टक्के वेळ काम करू शकतात. पगार तेवढा कमी होतो आणि वर्षं वाढतात. हे पुरुषही घेतात, म्हणून कोणी नाक मुरडत नाही.

हे सगळं आपोआप झालेलं नाही. रात्रपाळी करून गाडीनं घरी जाताना एका तरुण भूलतज्ज्ञाचा अपघाती मृत्यू झाला. त्यानंतर इथल्या संघटनांनी प्रशिक्षणातल्या भूलतज्ज्ञांना विचारलं. २०१७ साली छापलेल्या त्या पाहणीत ५७ टक्क्यांनी सांगितलं की रात्रपाळीनंतर घरी जाताना अपघात झालाय किंवा थोडक्यात टळलाय. मग झोपायच्या खोल्या, रात्री मध्ये विसावा, हे विषय लावून धरले गेले. खानापूरच्या रस्त्यावर डोळा लागलेल्यांना आपण कधी विचारलंय?

इथलं जे अवघड आहे तेही सांगते. पेशंटना भेटायला मला साडेसातला पोचावं लागतं, तेव्हा नर्सरीचं दार नुकतं उघडत असतं. संध्याकाळी ऑपरेशनांची लिस्ट लांबली की माझा जीव घड्याळात. आई सहा महिन्यांच्या व्हिजावर येऊन गेली, त्या काळात मला घराची काळजी नव्हती. एरवी आजी नाही, शेजारच्या काकू नाहीत, पैसे मोजल्याशिवाय मूल कोणाकडे ठेवता येत नाही. बेळगावच्या मैत्रिणींना माणसं आहेत, पण रोटा, म्हणजे पाळ्यांचा आधी ठरलेला तक्ता, नाही. मला रोटा आहे, पण माणसं नाहीत. तरी मला विचाराल तर रोटाच आधी मागा. सासूबाई आजारी पडल्या की माणसांवर उभं केलेलं सगळं एका दिवसात कोसळतं, हे मी जवळून बघितलंय.

या विषयात बाई काही नवी नाही. जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून जिचं नाव घेतात ती रूपाबाई फर्दुनजी हैदराबादची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ती क्लोरोफॉर्म देत होती. म्हणून 'बायकांनी रात्रीचं कशाला' हे ऐकून घेऊ नका, आणि 'बायका रात्रीच्या येत नाहीत' हेही. रात्री यायला कोणाचीच ना नसते. रोजच्या रोज एकटीनं येण्याला असते.

बेळगावातल्या माझ्या मैत्रिणीनं आणि तिच्याबरोबरच्या तिघींनी आता आठवड्याच्या रात्री वाटून घेतल्यात. जिची रात्र नाही तिचा फोन बंद. सुरुवातीला एक-दोन सर्जन रागावले, "मला तुम्हीच पाहिजे" म्हणाले. पण सिझर कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे आता तक्त्यावर जिचं नाव तिला फोन जातो. गणपतीच्या दिवसांचं अजून जमायचंय, आणि थकलेल्या पैशांबद्दल चौघींनी मिळून बोलायचं ठरलंय. एमडी करून बेळगावातच राहायचं असेल तर मला कळवा, त्यांच्याशी गाठ घालून देते. पाचवी त्यांना हवीच आहे.