दीडशे पोरांची सहल गोव्यात उतरते तेव्हा

सहलीच्या पोरांनी वॉटर पार्कात किंवा रिसॉर्टवर धिंगाणा घातला की खापर वयावर फुटतं. वयाचा वाटा आहेच. पण त्याच वर्गाची पोरं मंगेशीच्या देवळाच्या आवारात शहाण्यासारखी वागतात आणि दोन तासांनी हणजूणच्या (अंजुनाच्या) बाजूला वॉटर पार्कात शिरली की कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, तेव्हा वेळापत्रक काढून बघावं. चाळीस-पन्नास पोरं एकदम रिकामी कुठे उभी राहिली आणि ‘अजून किती वेळ’ हे त्यांना कुणी सांगितलं नाही, ती जागा सापडते. बहुतेक भानगडी तिथल्याच.

पहिली अशी जागा म्हणजे रिसॉर्टचं स्वागतकक्ष, सकाळी साडेसहाचं. कोल्हापूर-सांगलीच्या सहली रात्री जेवून निघतात आणि पहाटे पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडतात. खोल्या मिळायच्या दुपारी बाराला, कुठे कुठे दोनला. आदल्या रात्रीचे पाहुणे अजून आत झोपलेले. मग बॅगांचा ढीग, दोन संडासांपुढे रांग, तारवटलेली पोरं सोफ्यावर, जिन्यात, आणि अर्ध्या तासात स्विमिंग पूलच्या काठावर. पूलचा जीवरक्षक तेव्हा कामावर आलेलासुद्धा नसतो. यावर उपाय म्हणजे बुकिंग करतानाच ‘फ्रेशअप’साठी चार खोल्या आणि एक हॉल मागून घेणं. दर वाढला तरी घ्या. दुसरा उपाय जास्त स्वस्त, पण कुणाला आवडत नाही: कोल्हापुरातून रात्री निघूच नका, पहाटे साडेपाचला निघा. आंबोलीत चहा-नाश्ता करून दुपारी बाराच्या सुमाराला थेट खोलीत जाता येतं आणि पोरं झोपलेली असल्याने डोकीही ठिकाणावर असतात. पुण्याहून हे जमत नाही, अंतर दुप्पट आहे. रात्रभर प्रवास करून येणाऱ्यांनी ‘आधी देवळं करू’ असं ठरवू नये. बिनअंघोळीचं देवळात जायचं की नाही यावर शिक्षकांतच वाद होतो आणि तो पोरांसमोर होतो.

अंघोळीचा हिशेब तर कुणी करतच नाही. खोलीतला गिझर साधारण १५ लिटरचा, २ किलोवॉटचा. ६० अंशांच्या पाण्यात नळाचं पाणी मिसळलं की अंघोळीजोगं ३५-३६ लिटर होतं, म्हणजे दोन बादल्या. टाकी पुन्हा तापायला वीस मिनिटं. एका खोलीत चार पोरं असतील तर दोघांनंतर थांबावं लागणार, हे आधी सांगितलं नाही की तिसरा शेजारच्या खोलीत घुसतो, चौथा इंटरकॉमवरून रिसेप्शनला शिव्या घालतो. त्यात तीस खोल्यांचे गिझर एकाच वेळी चालू झाले तर भार ६० किलोवॉटवर जातो. जुन्या रिसॉर्टची वायरिंग तिथेच मान टाकते, जनरेटरचंही तेच. अर्ध्या खोल्यांनी संध्याकाळी अंघोळ करायची, अर्ध्यांनी सकाळी. एवढं ठरवलं तरी पुरतं.

वॉटर पार्कची तयारी घरच्या सूचनापत्रकापासून सुरू होते. त्यात ‘पोहण्याचे कपडे आणावेत’ असं मोघम लिहिलं की पोरं जीन्सच्या हाफ पँटी आणतात आणि मुली सुती पंजाबी ड्रेस. जीन्सचे धातूचे रिव्हेट स्लाइडच्या फायबरला चरे पाडतात, म्हणून दारातच अडवतात. सुती कापडाचे तंतू फिल्टरमध्ये जाऊन बसतात. ओढणी गळ्यात किंवा दुसऱ्याच्या पायात अडकते, हे तर जिवावरचं. पत्रकात स्पष्ट लिहा: नायलॉन किंवा लायक्राचे कपडे. मुलींसाठी लायक्राची लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा नायलॉनचा टी-शर्ट चालतो, कुणाला संकोच वाटत नाही आणि पार्कवालेही हरकत घेत नाहीत. सकाळी डोक्याला खोबरेल तेल लावू नका, हेही लिहा. शंभर डोक्यांचं तेल पाण्यावर तरंगतं. पाण्यात उतरण्याआधी शॉवर घ्यायला लावतात तोही उगाच नव्हे. घाम आणि लघवी क्लोरीनशी मिळून क्लोरामाइन तयार होतं. ‘क्लोरीन जास्त झालंय, डोळे चुरचुरतायत’ अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा तो या क्लोरामाइनचा प्रताप असतो.

एकाच रंगाचे टी-शर्ट शिवून आणायची हौस सगळ्यांना असते. देवळात आणि बाजारात ते कामाला येतात, पाण्यात शून्य. तिथे डोकं तेवढं दिसतं. म्हणून रंगीत स्विम कॅप घ्या, दर गटाला एक रंग. गट दहा-बाराचा, त्याला एक मोठं माणूस. गटात जोड्या पाडा. शिट्टी वाजली की जोडीने हात वर करायचा, ज्याला जोडीदार दिसत नाही त्याने ओरडायचं. मोजणीसाठी हजेरीपट वाचत बसू नका. प्रत्येकाला सहलीपुरता क्रमांक द्या आणि पोरांनीच एक, दोन, तीन म्हणत जायचं. चाळीस पोरांची मोजणी मिनिटाच्या आत होते, आणि आवाज कुठे तुटला त्यावरून कोण नाही हेही कळतं.

आता स्लाइडची रांग. वरचा जीवरक्षक दर तीस सेकंदांना एक जण सोडतो असं धरलं तर तासाला १२० जण. दीडशे पोरं एकाच उंच स्लाइडकडे धावली की शेवटच्याला सव्वा तास जिन्यावर उभं राहावं लागतं, तेही ओल्या अंगाने, उन्हात, कठड्याला टेकून. ढकलाढकली होणारच. त्याहून वाईट म्हणजे जागा धरणं. एक जण रांगेत उभा राहतो आणि त्याचा नंबर जवळ आला की अकरा जण खालून वर घुसतात. मागे पोराबाळांसह उभ्या असलेल्या कुटुंबाचा संयम इथे सुटतो आणि भांडण शिक्षकांपर्यंत येतं. नियम एकच सांगायचा: रांगेत जो उभा नाही त्याचा नंबर नाही. आणि गट फिरवायचे. दोन गट स्लाइडवर, दोन वेव्ह पूलमध्ये (कृत्रिम लाटांच्या तलावात), दोन रेन डान्सला, बाकीचे लहान स्लाइडवर. अर्ध्या तासाने बदल.

रांगेतल्या घोषणांचं काय करायचं हा खास आपला प्रश्न. ‘गणपती बाप्पा’ कुणीतरी म्हणतं, ‘मोरया’ दीडशे जण. ऐकायला बरं वाटतं, पाच मिनिटं. पलीकडे दुसऱ्या गावची शाळा उभी असेल तर तिकडून उत्तर येतं, मग आवाज चढतो, मग गावाच्या नावाने ओरडणं सुरू होतं आणि तिथून हातघाईला फार वेळ लागत नाही. पोरांना गप्प करण्यात शक्ती घालवू नका. दोन शाळांच्या प्रमुखांनी आल्या आल्या एकमेकांना भेटून फेऱ्या उलटसुलट लावून घेतल्या की दोन्ही टोळ्या एकाच जिन्यावर येतच नाहीत.

स्लाइडवरचा खरा धोका साखळीचा. बंद नळीत पहिला हातपाय रेटून मुद्दाम थांबतो, मागून दुसरा, तिसरा येतो, मग सगळे मिळून घसरतात. पोरांना ती मजा वाटते. पण चौथ्याला आधी कळत नाही की पुढे माणसं आहेत. गुडघा पुढच्याच्या पाठीत नाहीतर डोक्यात बसतो, दात पडतात. पाठीवर झोपायचं, पाय पुढे, घोट्यावर घोटा, हात छातीवर. खाली आलं की बाजूला व्हायचं, उभं राहून मित्राची वाट बघायची नाही. हे पार्कात भोंग्यावरून सांगतात तेव्हा कुणी ऐकत नाही, म्हणून बसमध्येच एकेकाकडून करून घ्या.

वेव्ह पूलचा तळ उतरत उतरत खोल जातो. भोंगा वाजला की सगळी पोरं खोल बाजूकडे धावतात आणि लाट आल्यावर मागच्यांच्या रेट्याने पुढच्यांचे पाय सुटतात. गर्दीत बुडणारा ओरडत नाही, तोंड पाण्यात असतं. काठावरून हात हलताना दिसले तर तो खेळतोय असंच वाटतं. म्हणून शिक्षकांपैकी दोघांनी खोल बाजूच्या दोन्ही कडांना उभं राहायचं, मोबाइल खिशात ठेवून. पोहता न येणाऱ्यांची यादी आधीच हवी. ‘पोहता येतं का’ असं सगळ्यांसमोर विचारलं की कुणी नाही म्हणत नाही. पालकांकडून लेखी घ्या.

आणि गावाकडच्या विहिरीत पट्टीचा पोहणारा जो असतो, त्याच्यावर जास्त नजर ठेवा, विशेषतः समुद्रावर. विहिरीच्या पाण्याला ओढ नसते. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूड-जंजिऱ्याच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतली १४ मुलं बुडून गेली. डिसेंबर २०२४ मध्ये मुरुडेश्वरला कर्नाटकातल्या शाळेच्या सहलीतल्या चार मुली बुडाल्या. गोव्याच्या किनाऱ्यांवर सरकारने नेमलेल्या ‘दृष्टी’ कंपनीचे जीवरक्षक असतात, साधारण सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा. लाल-पिवळ्या झेंड्यांमधली जागा पाण्यात जायची, नुसता लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो. बहुतेक सहली ‘सनसेट पॉइंट’ म्हणून सव्वापाच-साडेपाचला बस उभी करतात आणि पोरं रंगात येऊन कमरेएवढ्या पाण्यात पोचतात ती नेमकी जीवरक्षक बुरूज सोडतात तेव्हा. समुद्र दुपारी साडेतीन-चारला ठेवा, सूर्यास्त वाळूत बसून बघा, तोवर चपला घालून. फुटलेल्या बाटल्यांच्या काचा वाळूत दिसत नाहीत. बागा खाडी समुद्राला मिळते तिथे पाणी उथळ दिसतं आणि ओढ फार असते. तिथे घोट्यापर्यंतही नको.

बोटीचंही तेच. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची बोट उलटून १२ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि लाइफ जॅकेट सगळ्यांना नव्हती. डॉल्फिन दाखवायला नेणारा ‘अजून पाच बसतील’ म्हणाला की त्या पाचांना खाली उतरवून घ्यायचं काम शिक्षकाचं. घासाघीस दरात करा, जॅकेटमध्ये नको.

एक विषय शिक्षक टाळतात. स्विमिंग कॉस्च्युममधल्या अनोळखी बायकांचे फोटो काढणं, परदेशी पाहुणीभोवती दहा जणांनी गराडा घालून सेल्फी मागणं, रील काढताना मुद्दाम कॅमेरा तिकडे फिरवणं. एकटा पोरगा हे करत नाही, दहा जण मिळून करतात आणि प्रत्येकाला वाटतं की आपण नुसते उभे होतो. पोलिसांत तक्रार झाली तर गोव्यातले पोलीस ती हसण्यावारी नेत नाहीत, आणि शाळेचं नाव टी-शर्टवर छापलेलं असतंच. पत्रादेवी यायच्या आधी बस थांबवून, आडवळणं न घेता, सरांनी मुलग्यांना हे नाव घेऊन सांगावं. वॉटर पार्कात मोबाइल लॉकरमध्ये, गटाचे फोटो एकाच ठरलेल्या माणसाने काढायचे. स्लाइडवरून फोन पाण्यात पडायचेही वाचतात.

जेवणाबद्दल थोडक्यात. दीडशे पोरांना नाश्त्याला डोसा ठरवू नका. एका तव्यावर तासाला पन्नास डोसे निघाले तरी खूप. पोहे, उपमा, इडली ठेवा आणि बुफेचं टेबल भिंतीला न लावता मधोमध लावायला सांगा, म्हणजे दोन्ही बाजूंनी रांग चालते. रात्रीच्या पोळ्या माणशी चार धरल्या तर सहाशे होतात, संख्या आदल्या दिवशी कळवा. डिसेंबरात मार्गशीर्षातला गुरुवार येतोय का ते पंचांगात बघा, नाहीतर मच्छीचं ताट तसंच परत जातं. पाण्यात जाण्याआधी तासभर भरपेट खाऊ देऊ नका. घाटात बस लागलेली पोरं असतातच, आणि पूलमध्ये कुणाला उलटी झाली की पाणी उपसणं, क्लोरीन वाढवणं यात अर्धा तास तरी सगळ्यांचाच पूल बंद राहतो.

पहिली रात्र सगळ्यात वाईट. दिवसा बसमध्ये झोपा झालेल्या, खोलीत आईवडील नाहीत. दहानंतर लाउडस्पीकरला कायद्यानेच बंदी आहे, पण त्रास कॉरिडॉरमधल्या पळापळीचा आणि लिफ्टचा होतो. आठ माणसांची लिफ्ट ५४४ किलोंची. पोरं हलकी म्हणून बारा जण मावतात, वर उड्या मारतात आणि दोन मजल्यांच्या मधे अडकतात. संपूर्ण मजला एकच मागून घ्या, जिन्याच्या तोंडाशी असलेल्या खोल्या शिक्षकांना. खोली ताब्यात घेताना रिमोट, शॉवरची नळी, टॉवेलची दांडी, पलंगाची फळी यांचे फोटो काढा. निघताना पैसे याच चार गोष्टींवरून कापतात. दहाची मोजणी खोलीत, अकराची दारावर टकटक. बाराला पुन्हा फेरी आहे हे सांगून ठेवा आणि खरंच मारा. एकदा चुकवली की दुसऱ्या रात्री तुमच्या शब्दाला किंमत नाही.

कॉलेजच्या सहलीत दारूचा प्रश्न वेगळा होतो. अठराच्या आतल्या कुणाला ती देणं हा बाल न्याय कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे, मग देणारा वर्गमित्र का असेना. कोल्ड्रिंकच्या बाटल्या सीलबंद असतील तरच खोलीत जाऊ द्या. परतीच्या वाटेवर बांद्याच्या पुढे इन्सुलीला महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्क खात्याचा नाका आहे. गोव्याची एक बाटली कुणाच्या टॉवेलमध्ये गुंडाळलेली सापडली की सगळ्या बॅगा खाली उतरतात, ड्रायव्हरचा जबाब होतो, गाडी अडकते आणि मागच्या दोन बसही थांबतात. ड्रायव्हरलाही आधीच विचारा, कारण पोरांनी न घेतलेली बाटली त्याच्या सीटखाली असू शकते. बॅगा डिकीत टाकण्याआधी रिसॉर्टच्या अंगणात उघडून बघा, मुलींच्या बॅगा मॅडमनी आणि मुलग्यांच्या सरांनी.