मागं राहणारा तंबू

रविवार, रात्री उशिरा

"आई थांबेल की तंबूत." एवढंच म्हणाला लेक, जेवता जेवता, ताटातली नजरसुद्धा न उचलता. ह्यांनीही "हां, ते बरं पडेल" म्हणत भाकरी मोडली आणि विषय पुढं गेला. मी तिथंच आहे अजून. ओटा आवरला, दूध विरजलं, दिवा मालवून पडले आणि शेवटी उठून ही वही काढली.

वावगं काहीच बोलला नाही तो, हे मला कळतं. माझा दादा डिसेंबरात इंग्लंडहून येतोय. येताना गाडीला ड्राइव्ह-अवे ऑनिंग घेऊन येतो म्हणालाय, कोणतं हवं ते तेवढं आपण कळवायचं. त्यानं फोनवर दाखवलंही. गाडीच्या दाराशी जोडायचा पण स्वतःच्या पायावर उभा राहणारा तंबू. मधे कापडी बोगदा असतो. तो सोडवायचा, तंबूचं मागचं दार लावून घ्यायचं, की गाडी फिरायला मोकळी. तंबू आतल्या खुर्च्या-अंथरुणांसकट जागच्या जागी. एवढं बघितल्याबरोबर आमच्या घरात सगळ्यांचा बेत ठरून गेला. ठोसेघरला धबधब्याच्या पायऱ्या, सज्जनगडाच्या पायऱ्या, आणि मी तंबूत.

गुडघ्याविषयी आज लिहायचं नाही.

पण मागं कोण राहणार हे विचारावंसं कुणालाच वाटू नये? वन्संच्या वेळी घर राखायला मीच होते. मामंजींच्या त्या सगळ्या वर्षांत तर... जाऊ दे. तेव्हा निदान कारण होतं. ही गाडी मात्र फिरायला घेतली, माझ्याही फिरण्यासाठी घेतली असं मी धरून चालले होते. पडद्याचं कापड आणायला मोती चौकात दोनदा मीच गेले. आणि आता तिच्या जोडीला अशी वस्तू येतेय जिचं वैशिष्ट्यच हे, की गाडी जाते आणि ती राहते.

दुपारी सगळे झोपले तेव्हा मी टेप घेऊन खाली गेले. दादाला उंची हवी होती. ह्यांनी त्याला "टेम्पो ट्रॅव्हलर आहे" एवढंच सांगितलं होतं, पण तेवढ्यानं भागत नाही. ही ऑनिंगं गाडीच्या उंचीप्रमाणे येतात, लो, मिड आणि हाय. साधारण 180 ते 210 सेंटिमीटर, मग 240च्या आसपासपर्यंत, मग त्याच्या वर. कंपनीगणिक आकडे थोडे सरकतात. मोजायचं जमिनीपासून बोगद्याची कड गाडीवर जिथं अडकणार तिथपर्यंत. स्टुलावर उभी राहून मोजलं. अडीच मीटरच्या वर भरलं, म्हणजे आपल्याला हायच लागणार. मिड आणलं असतं तर बोगदा ताणला जाऊन त्याची शिवण उसवली असती, नाहीतर वर फट राहून पाणी थेट दारात आलं असतं.

अडकवायचं कसं, तेही बघितलं. गाडीच्या कडेला रूळ असेल तर त्यात केडर पट्टी, म्हणजे कापडाच्या कडेला शिवलेली गोल दोरीसारखी कड, सरकवतात, बहुतेक 6 मिलिमीटर जाडीची. आपल्या गाडीला रूळ नाही. मग पट्टे टपावरून पलीकडं टाकून बांधायचे. दार डावीकडं आहे हे बरं झालं. इंग्लंडातही गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात, त्यामुळं तिथली ऑनिंगं डाव्या दाराच्या हिशेबानंच शिवलेली असतात. जर्मनीहून आणायचं असतं तर हे आधी तपासावं लागलं असतं.

ह्यांचं आणि लेकाचं सगळं लक्ष किती मिनिटांत सुटतं याकडं. दोघांनी तेवढेच व्हिडिओ पाहिले. गाडी गेल्यावर आत बसणाऱ्या माणसाचं काय, हे एकानंही पाहिलं नाही. ते मी पाहिलं. आणि पाहता पाहता, खरं सांगायचं तर, जीव जरा थाऱ्यावर आला.

वाऱ्याचंच घ्या. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत त्या वारा आहे म्हणूनच. गाडी जोडलेली असते तोवर तंबूची एक बाजू आडोशाला असते. गाडी गेली की तो चारी बाजूंनी उघडा. फायबरच्या काठ्या जोराच्या झोतात मोडू शकतात. हवा भरायच्या नळ्या वाकतात आणि पुन्हा उभ्या राहतात, म्हणून नळ्यांचाच हवा. मात्र भर उन्हात नळीतली हवा फुगते, ती थोडी सोडावी लागते, आणि ते काम आत असलेल्या माणसाचं. ताणाच्या दोऱ्या सगळ्याच्या सगळ्या बांधायच्या, "दोन बांधल्या, बास" चालणार नाही.

मेखांचा प्रश्न वेगळाच. तिकडं हिरवळीवर ठोकतात. इथं वरच्या सड्यांवर जांभा, वीतभर मेखही जात नाही. कासच्या पठारावर तर तंबूचं नावच नको. 2012 पासून जागतिक वारशात आहे ते, आणि खडकावरच्या त्या पातळ मातीत इवल्या झाडांचे कंद असतात. आपण बामणोली नाहीतर तापोळ्याच्या बाजूला, कुणाच्या शेतात विचारून उतरायचं. तिथं माती आहे. तरी मुरमासाठी जाड लोखंडी मेखा आणि वजनाला वाळूच्या पिशव्या जवळ ठेवायच्या.

पाण्याचंही लेक घोळ घालत होता. "मामा 3,000 मिलिमीटरवालं म्हणतोय, महाबळेश्वरला तर साडेपाच हजार पडतो!" त्या दोन मिलिमीटरांचा एकमेकांशी संबंध नाही. एक वर्षभराचा पाऊस, दुसरा कापडावर पाण्याचा केवढा उंच स्तंभ उभा केला तरी थेंब आत येत नाही त्याचं माप. 3,000 पुष्कळ झालं. मला काळजी आतल्या पाण्याची आहे. कोयनेच्या काठाला थंडीत रात्री दव असतं आणि पॉलिस्टरला आतून घाम सुटतो, पहाटे अंथरूण ओलं. सुती मिश्रणाचं कापड त्याला चांगलं, पण जड. दादाची बॅग 23 किलोची, त्यात वहिनीचं सामान. म्हणून पॉलिस्टरच, पण समोरासमोर जाळीच्या खिडक्या असलेलं, वारा आरपार जाईल असं.

आणि दार. बऱ्याच मॉडेलांत मोठं दार पुढं आणि बोगदा मागं, एवढंच. मला बाजूलाही दार हवं. पाण्याकडं तोंड करून खुर्ची टाकता आली पाहिजे. उंची आत ताठ उभं राहता येईल एवढी. शिवलेली जमीन हवी, नुसती सतरंजी नको. विंचवांचा मुलूख आहे आपला.

आणखी एक वाचलं. परत येताना गाडी नेमक्या त्याच जागी लावावी लागते, हातभर इकडंतिकडं झाली तर बोगदा पोचत नाही. म्हणून निघण्याआधी चाकांशी खुणा करून ठेवतात. हे वाचून मला बरं वाटलं. का ते मी इथं लिहीत बसत नाही.

राग अजून आहे थोडा. विचारायला हवं होतं त्यांनी. विचारलं असतं तर मी "थांबते" म्हणालेही असते, सज्जनगडासाठी तर नक्कीच. एक अख्खी सकाळ, पाणी समोर, हाक मारायला कोणी नाही. शेवटची अशी सकाळ कधी मिळाली ते आठवत नाही.

आत्ताच दादाला सगळं लिहून पाठवलं. हाय, हवेच्या नळ्यांचं, बाजूला दार, जाळीच्या खिडक्या, शिवलेली जमीन, टपावरचे पट्टे, जाड मेखा. ह्यांना न विचारता. खाली हेही लिहिलं, की चाळकेवाडीला गाडी थेट पठारावर जाते, पायऱ्या नाहीत. त्या दिवशी तंबू रिकामा राहील आणि पुढच्या सीटवर मी असेन.