तुम्ही विचारलंत म्हणून: दम्याची रोजची गोळी

शाळेच्या फाटकाशी, हळदीकुंकवाला, अगदी भाजी घेतानासुद्धा कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारतंच: "पोराला दम्याची रोजची गोळी चालू केलीय, काही होणार नाही न्हवं?" माझ्या मुलाच्या वेळचं ऐकलेलं असतं त्यांनी. म्हणून सगळं नीट सांगते.

आमचं घर निपाणीत, तंबाखूच्या वखारींच्या मागच्या गल्लीत. माल चाळायला काढला की खकाणा उंबऱ्यापर्यंत येतो. बाहेरच्या माणसाला नुसत्या शिंका येतात, आमच्या पोराची छाती वाजायला लागते. तो आठ वर्षांचा असताना त्याला माँटेलुकास्ट सुरू झाली, 5 मिलिग्रॅमची चघळायची गोळी. "रात्री एक," एवढंच सांगण्यात आलं.

अ‍ॅलर्जीत शरीर ल्युकोट्राइन नावाची रसायनं सोडतं. त्यांनी श्वासनळ्या सुजतात आणि आवळतात. ही गोळी त्यांची वाट अडवते. म्हणून त्रास नसला तरी ती रोज घ्यायची असते. पण दम लागल्यावर तिचा उपयोग नाही, तेव्हा लगेच आराम देणारा पंपच लागतो.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री दोनच्या सुमारास पोरगा ताडकन उठून बसला. डोळे सताड उघडे, अंग घामानं भिजलेलं. "आई, भिंत जवळ यायलीया." मी जवळ घेतलं तर मलाच ढकलायला लागला. मग हे रोजचंच झालं. दिवसा चिडचिड, बहिणीला चावला, आवडीचा डबा तसाच परत आणायला लागला. मी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. परीक्षेची भीती असेल, असंही वाटलं. गोळीचा संशय मनात आला नाही, कारण छाती तर छान मोकळी होती!

नणंद कोल्हापुरात नर्स आहे. तिनं फोनवर पहिलंच विचारलं, "वहिनी, ह्याला गोळी कुठली चालू आहे?" मार्च 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या गोळीवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, हे मला तेव्हा कळलं. वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, क्वचित जीव द्यायचे विचार. नुसत्या नाकाच्या सर्दीला दुसऱ्या औषधानं भागत असेल तर ही देऊ नये, असंही त्यात आहे. बहुतेकांना यातलं काही होत नाही. पण ज्याला होतं त्याच्या आईला आधी माहीत असायला हवं, याबद्दल माझं मन आजही कळवळतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी गोळी थांबवली. आठवड्याभरात तो रात्रभर झोपायला लागला. काहींना गोळी बंद केल्यावरही त्रास राहतो, म्हणून आम्ही पुढं महिनाभर लक्ष ठेवून होतो.

आता ब्युडेसोनाइडचा पंप आहे, स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायचं पोकळ नळकांडं लावून, सकाळ-संध्याकाळ. "स्टिरॉइड देतेस लेकराला?" असं सासूबाईंच्या मैत्रिणी म्हणतात. त्याला दिवसाला 200 मायक्रोग्रॅम जातं. स्टिरॉइडची 5 मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे 5000 मायक्रोग्रॅम, आणि ती सगळ्या अंगात फिरते. पंपाचं औषध मुख्यतः छातीतच काम करतं. तरी काळजी घ्यावीच लागते. पंप झाला की चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. वाढ नीट होतेय ना, हे बघायला उंची दर सहा महिन्यांनी मोजून घेतो. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच निथळत ठेवायचा. फडक्यानं पुसला की औषध त्याच्या भिंतीलाच चिकटून राहतं.

गोळी असो वा पंप, बरं वाटतंय म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. आणि बोलताना वाक्य पुरं होईना, बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, ओठ निळे दिसले, तर आराम देणारा पंप देत देत 108 ला फोन करा. हा नंबर इकडे कर्नाटकात चालतो, तसा तिकडे महाराष्ट्रातही.

परवा चिकोडीची एक ओळखीची बाई भेटली. तिच्या मुलीला हीच गोळी सहा महिने चालू आहे. मी विचारलं, झोपते कशी? गाढ. खेळते? दिवसभर. मग तिला मी बंद कर म्हटलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक खूण कर म्हटलं, रात्र कशी गेली त्याची, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडं जाताना ते पान संगं घेऊन जा.