रोज अस्वल दिसतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात मी काळ्या अस्वलांचा अभ्यास करते असं म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग रोज अस्वल दिसतं का?"

नाही दिसत. या डोंगरांत अंदाजे 1,900 अस्वलं आहेत, तरी आठवडाभर हिंडून एकही नजरेला पडत नाही असं पुष्कळदा होतं. अस्वल भेटत नाही, त्याच्या खुणा भेटतात.

जून महिन्यात आम्ही केस गोळा करतो. चार-पाच झाडांभोवती गुडघ्याच्या उंचीवर काटेरी तार ओढलेली असते आणि मधोमध उग्र वासाचं आमिष उंच टांगलेलं असतं. नुसता वास, खायला काही मिळालं तर अस्वल तिथंच घुटमळायला लागेल. तारेखालून जाताना त्याचे चार केस काट्याला अडकतात. ते चिमट्याने काढून कागदी पाकिटात ठेवायचे, कारण प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि डीएनए खराब होतो. मग लायटरने काटा भाजायचा, म्हणजे पुढच्या खेपेला मिळेल तो केस नक्की नवा. केस उजेडात धरला की मुळाशी बारीकसा पांढुरका ठिपका दिसतो. नर की मादी, पलीकडच्या खोऱ्यात येऊन गेलेलं तेच का, हे सगळं त्या ठिपक्यातून कळतं. गुंगीचं इंजेक्शन नाही, पिंजरा नाही. ही पद्धत मला मनापासून आवडते.

वाटेत विष्ठा दिसली की मी खाली बसतेच. काडीने उकलायची. या दिवसांत तिच्यात मुंग्यांचे अवशेष असतात, गवत असतं आणि 'बेअर कॉर्न' असतं. ही वनस्पती ओकच्या मुळांवर जगते आणि जमिनीतून मक्याच्या कणसासारखी वर येते. शरद ऋतूत मात्र ओकच्या फळांची टरफलंच टरफलं.

त्या फळांवर इथं बरंच काही अवलंबून आहे. पूर्वी या डोंगरांत चेस्टनटची झाडं मुबलक होती आणि ती बहुतेक दरवर्षी भरवशाने फळायची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाहेरून आलेल्या बुरशीने ती संपवली. ओकचा तसा भरवसा नाही; एखाद्या वर्षी खच पडतो, एखाद्या वर्षी काहीच नाही. अस्वलांचं मीलन उन्हाळ्यात होतं, पण गर्भ गर्भाशयात रुजतो तो हिवाळ्याच्या तोंडावर, तोही मादीच्या अंगावर पुरेशी चरबी साठली असेल तरच. म्हणजे ऑक्टोबरात ओक फळला नाही, की जानेवारीत ढोलीत पिल्लं कमी. अशा वर्षी भुकेली अस्वलं दूरदूर भटकतात आणि कचऱ्यापर्यंत येतात.

संवर्धनाचं खरं काम इथं आहे, आणि ते माणसांमध्ये आहे. अस्वलापासून निदान 45 मीटर लांब राहा, डबा उघडा टाकू नका, रानात मुक्काम असेल तर खाण्याची पिशवी तारेवर उंच टांगा. दिवसातून किती वेळा सांगते, याचा हिशेब नाही. एकदा एका कुटुंबाला गाडीच्या काचेतून अस्वलाच्या पिल्लाला बिस्किट देताना पाहिलं. हौसेने, प्रेमानेच देत होते. मला रडू आलं होतं. पिल्लाची आई थोड्या अंतरावर उभी राहून सगळं बघत होती. अशा बिस्किटाची चव लागलेलं अस्वल पुढच्या वेळी गाडीजवळ स्वतःहून येतं, मग तंबूत शिरतं, आणि शेवटी त्याला मारावं लागतं. ती वेळ मी पाहिली आहे. त्यावर जास्त लिहवत नाही.

म्हणून संध्याकाळी, लोक गेल्यावर, मी सहलीच्या जागेवरून एक फेरी मारते. कचऱ्याच्या डब्यांच्या कड्या ओढून बघते. परवा एका बाकाखाली कलिंगडाची साल सापडली, मुंग्या लागलेली. ती उचलली, आसपासच्या बियासुद्धा वेचल्या आणि डब्याची कडी घट्ट लावली.

रात्री पाऊस झाला. सकाळी डब्याभोवती ओल्या मातीत ठसे होते. मागच्या पंजाचा ठसा अगदी अनवाणी माणसाच्या पावलासारखा, पाचही बोटं स्पष्ट, बाजूला पिल्लाची इवली पावलं. दोघं डब्याला एक वळसा घालून, बाकापाशी थांबून, सरळ वर ओकच्या जंगलात निघून गेली होती.