आज्जीची गोष्ट तिच्याच शब्दांत

‘आज्जी, तुझ्या लहानपणीचं सांग गे’ असं म्हटलं की दोन वाक्यांत सगळं आटोपतं. ‘काय सांगू बाळा, लई हाल काढले.’ पुढं काही येत नाही. आज्जीला आठवत नाही असं नसतं. एवढ्या मोठ्या प्रश्नाला कुठून हात घालावा, तेच तिला कळत नाही.

म्हणून वस्तू विचारा. चुलीचं तोंड कुठल्या बाजूला होतं? पहाटे जात्यावर कोण बसायचं, आणि दुसऱ्या बाजूला खुंटा धरायला कोण? पाणी कुठल्या विहिरीचं? भाताची मळणी झाल्यावर खळ्यावर राखणीला कोण झोपायचं? खळं आठवलं की माणसं आपोआप येतात, आणि माणसांमागून भांडणं, लग्नं, आजारपणं येतात. घरात धान्य मोजायचं जुनं मापटं असेल तर तेच हातात द्या. बोटं त्याच्या कडेवरून फिरायला लागली की बोलणं सुरू होतं. ‘मग?’ एवढंच म्हणत राहा. ‘असं का केलंस?’ विचारलंत तर ती उत्तर द्यायला लागते, आणि गोष्ट तिथंच तुटते.

काम करता करता माणूस मोकळं बोलतो. पण फोनवर रेकॉर्ड करताना कामाचा आवाज बघा. निपाणीकडं मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई छान बोलते, तरी पान कातरताना कात्रीचा आवाज प्रत्येक शब्दावर बसतो. लसूण सोलणं सगळ्यात बरं. फोन तोंडापासून वीत-दीड वीत अंतरावर, जरा बाजूला, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. नुसत्या जमिनीवर ठेवला तर भांडं सरकवल्याचा दणकाही त्यात येतो. पंखा बंद, कुकर नंतर. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मध्येच कॉल आला की रेकॉर्डिंग थांबतं आणि ते शेवटी लक्षात येतं. बेळगावजवळच्या खानापूर भागात आषाढ-श्रावणात कौलांवरचा पाऊस काही ऐकू देत नाही. सुगी आटोपल्यावर बसा. एका बैठकीला चाळीस मिनिटं पुरेत. त्यापुढं सांगणारी दमते आणि ‘झालं तेवढंच’ म्हणून आवरतं घेते.

खरी अडचण सालाची. ‘कुठलं वर्ष गे?’ विचारलं की माणूस अंदाजानं काहीतरी ठोकून देतो, आणि पुढं तोच आकडा घरात पक्का होतो. त्यापेक्षा खुणा विचारा. तेव्हा आणे होते की नवे पैसे? नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरला पोरगा पाळण्यात होता की चालत होता? तो ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर? निपाणीत तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं, ते १९८१ साल. गावच्या लक्ष्मीची यात्रा अनेक वर्षांनी एकदा भरते, तिची सालं पंचमंडळींकडं मिळतात.

आपल्या बेळगाव सीमाभागात कागदही साल सांगतात. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीच्या शाळेच्या दाखल्यावर मुंबई राज्य, त्यानंतर म्हैसूर, १९७३ नंतर कर्नाटक. एकाच घरातल्या तीन पिढ्यांचे दाखले शेजारी ठेवले तर घर न हलता राज्य बदललेलं दिसतं. बेळगावातल्या शहापूरच्या जुन्या घरांत त्याआधीची सांगली संस्थानाची कागदपत्रंही निघू शकतात. ते कागद समोर ठेवून बोललं की १७ जानेवारी १९५६ ला सीमालढ्यात गेलेल्या हुतात्म्यांची आठवणही नुसत्या घोषणेसारखी येत नाही. त्या दिवशी घरात कोण कुठं होतं, चूल पेटली होती का, अशी येते. माझ्या मते सीमाभागातल्या घरांनी हे आधी जपावं. मोर्चाचं वर्तमानपत्रात येतं, चुलीचं येत नाही.

घरातल्यांना मध्ये दुरुस्त्या करू देऊ नका. ‘तसं नव्हतं, मामा तेव्हा मुंबईत होता’ असं कुणी म्हटलं की आज्जी स्वतःची आठवण सोडून त्यांची धरते. दोघांना वेगवेगळं बसवा आणि दोन्ही ठेवा.

रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढताना तिचे शब्द बदलू नका. मध्येच आलेलं कानडी वाक्य कानडीच राहू द्या, अर्थ खाली लिहा. ‘सहा पायल्या’ म्हणाली तर किलो करू नका, कारण पायली गावागणिक वेगळी. बोलून टायपिंग करणारा फोन ही मिसळ बोली सरळ करून टाकतो, म्हणून हातानंच लिहा. तासाभराच्या बोलण्याला चार ते सहा तास लागतात, ते धरूनच चाला. फाइलला नाव, गाव, तारीख द्या, आणि एक प्रत फोनबाहेर ठेवा.

ग्रुपवर टाकायच्या आधी विचाराच. जमिनीची वाटणी, हुंडा, पळून गेलेली नणंद या गोष्टी तिनं तुम्हाला सांगितलेल्या असतात, भावकीला नाही. लिहून झालं की तिच्याजवळ बसून सावकाश वाचून दाखवा. जिथं ती ‘हे नको’ म्हणेल, तिथं तिच्यासमोरच काट मारा आणि पुढचं वाचा.