पंप स्टार्टर, नोंद ५: पुढं कुलूप, मागचं दार सताड उघडं

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की बोर्ड झाला, आता फक्त कोड कुलूपबंद करायचा आणि डबा विहिरीवर लावायचा. त्या 'फक्त'ने पंधरा दिवस खाल्ले.

नव्यांसाठी थोडक्यात. थ्री फेज मोटरचा ऑटो स्टार्टर आहे. लाइट आली की तिन्ही फेज तपासतो, दोन मिनिटं थांबतो, मोटर सोडतो. पाणी तुटून मोटर कोरडी फिरायला लागली (ड्राय रन) आणि करंट पडला की बंद करतो. आत एटीमेगा ३२८पी ही मायक्रोकंट्रोलर चिप, आणि अर्डुइनो उनो (आर३) बोर्डावर असतो तोच ऑप्टिबूट बूटलोडर, म्हणजे यूएसबी केबलवरून आलेला नवा कोड चिपमध्ये भरणारा छोटा प्रोग्रॅम. कोड ११ केबीच्या आसपास, त्यातला निम्मा इतरांच्या लायब्ररींचा, हे आधीच कबूल. पण ड्राय रन ओळखायचा भाग माझा आहे, दोन उन्हाळे बांधावर बसून जमवलेला. त्यामुळे तालुक्याचा एक दुकानदार "एक बोर्ड ठेवून जा, बघतो" म्हणाला तेव्हा कोड उतरवून घेईल या भीतीने पोटात गोळा आला.

तर लॉक बिट, म्हणजे चिपमधलं कोडचं कुलूप. लॉक बाइटचे शेवटचे दोन बिट शून्य केले की आयएसपीच्या, म्हणजे बाहेरचा प्रोग्रामर जोडायच्या, सहा पिनांवरून फ्लॅश (कोडची मेमरी) आणि ईईप्रॉम (आकडे साठवायची मेमरी) ना वाचता येत, ना लिहिता येत. हे बिट एकाचे शून्य होतात. शून्याचा परत एक हवा असेल तर चिप इरेज हा एकच रस्ता, आणि त्यात आधी फ्लॅश पुसली जाते, मग कुलूप निघतं. उनोवर हा बाइट सहसा ११००११११ असतो, मी ११००११०० केला. यूएसबीएएसपी हा प्रोग्रामर लावून वाचून पाहिलं, कामाचं काहीच हाती आलं नाही. झालं काम, म्हणून चहा घेतला.

रात्री दुसरंच काही तपासताना बोर्डाला यूएसबी केबल होती आणि एव्हीआरड्यूडला (चिप वाचायचं-भरायचं सॉफ्टवेअर) प्रोग्रामर म्हणून 'अर्डुइनो', म्हणजे बूटलोडरचा रस्ता, दिलेला राहिला होता. वाचायची कमांड मारली आणि अख्खी फ्लॅश फाइलमध्ये उतरली! पहिले दोन बाइट ०सी ९४, म्हणजे व्हेक्टर टेबलातली (कोडच्या सुरुवातीची, कुठं उडी मारायची त्याची यादी) पहिली जंप. शेवटाकडे एलसीडीवरचे माझे मेसेज, माझ्या स्पेलिंगच्या चुकांसकट.

कारण डेटाशीटमध्येच आहे, मी ते पान उलटून पुढे गेलो होतो. शेवटचे दोन बिट बाहेरच्या प्रोग्रामरला अडवतात. बूटलोडर हा चिपच्या आतलाच कोड. तो एलपीएम या फ्लॅश वाचायच्या सूचनेने फ्लॅश वाचतो आणि सिरियलवर मागेल त्याला देतो. घरातल्याच माणसाला दाराचं कुलूप काय अडवणार?

बूटलोडरला अडवायला त्याच लॉक बाइटमध्ये वेगळे बिट आहेत, बीएलबी० ची जोडी. ती ०१ केली की बूटलोडरला ॲप्लिकेशनचा, म्हणजे आपल्या कोडचा, भाग वाचता येत नाही, लिहिता मात्र येतो. बाइट झाला ११०००१००. आता सिरियलवरून वाचन बंद. गंमत म्हणजे आपलं स्वतःचं अपलोडही पडताळणीत पहिल्याच बाइटला नापास होतं. कोड बरोबर गेलेला असतो, पण बूटलोडरला तो वाचून दाखवता येत नाही. पडताळणी बंद ठेवून अपलोड केलं की चालतं.

इथं थांबलो असतो तर फसलो असतो. ऑप्टिबूट अपलोडच्या वेळी सगळी फ्लॅश पुसत नाही, जेवढं लिहायचं तेवढीच पानं पुसतो, १२८ बाइटांचं एक पान. मग साध्या सी मध्ये एक चोर प्रोग्रॅम लिहिला: फ्लॅश वाचायची आणि सिरियलवर ओकायची, बस. दोन पानांत बसला. बूटलोडरमधूनच चढवला. पहिले २५६ बाइट गेले, म्हणजे व्हेक्टर टेबल आणि त्यामागचं थोडं. बाकी माझा ड्राय रनचा हिशोब जसाच्या तसा स्क्रीनवर. ॲप्लिकेशनने ॲप्लिकेशन वाचायला बीएलबी० ची हरकत नसते.

जोडी ०० केली तर बूटलोडरला लिहिताही येत नाही. मग तो ठेवायचा तरी कशाला? काढून टाकला. बूटरीसेट फ्यूज (चिपमधली सेटिंग, वितळणारा फ्यूज नव्हे) बदलला, कोड थेट आयएसपीने भरला, लॉक बाइट ११११११००. आता नुसत्या यूएसबी केबलवरून दुरुस्ती चढवायची सोय गेली, प्रत्येक बदलाला लॅपटॉप आणि प्रोग्रामर घेऊन विहिरीवर जायचं. मला चालतं. ज्यांचे बोर्ड पाच गावांत पांगलेत त्यांनी विचार करून ठरवा.

याच गडबडीत एक माती खाल्ली. आधी कुलूप लावलं आणि मग आठवलं की ब्राउनआउटचा फ्यूज (व्होल्टेज पडलं की चिपला थांबवणारा) राहिला. या कुलपानंतर फ्यूजही बदलत नाहीत. क्रम नेहमी फ्लॅश, पडताळणी, फ्यूज आणि सगळ्यात शेवटी लॉक. चिप इरेज करावी लागली आणि ईईप्रॉममधलं करंटचं कॅलिब्रेशनही त्यासोबत गेलं. क्लॅम्प मीटर घेऊन परत शेतात. वडील म्हणाले, "मोटरीपेक्षा तूच जास्त फेऱ्या मारतोस."

ईईसेव्ह फ्यूज लावला तर इरेजमध्ये ईईप्रॉम पुसलं जात नाही. पण मग कोणीही चिप इरेज करून कुलूप काढणार आणि शाबूत राहिलेलं ईईप्रॉम निवांत वाचणार. ईईप्रॉममध्ये पासवर्ड किंवा की ठेवणाऱ्यांनी हा फ्यूज लावू नये. माझ्याकडे नुसते अँपिअरचे आकडे आहेत, म्हणून लावला.

हे अभेद्य आहे असं कोणी समजू नका. २०१८ साली ट्रेझर वन या क्रिप्टोकरन्सीच्या वॉलेटमधल्या एसटीएम३२एफ२०५ चिपचं संरक्षण व्होल्टेजला क्षणभर झटका देऊन उतरवलं गेलं होतं, आणि ते तर पैसे सांभाळणारं यंत्र. पण माझ्या दुकानदाराकडे यूएसबी केबल आणि फार तर एक यूएसबीएएसपी असणार, प्रयोगशाळा नाही.

दोन बोर्ड कुलपासकट तयार आहेत. तिसऱ्याचं कॅलिब्रेशन बाकी आहे, आणि या आठवड्यात आमच्या फीडरला लाइट रात्रीची आहे.