पाटीवरचं नाव

दुपारी डोळा लागायच्या बेतात असताना फोन वाजला. पलीकडे कोवळा, घाईघाईचा आवाज. "सर, मी आपल्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी संघाकडून बोलतेय." समोर कागद धरून वाचत असावी, कारण मी मध्येच "हं, बोल" म्हणालो तर तिची ओळ चुकली आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शिष्यवृत्ती निधीला हातभार लावाल का, असा एकूण मजकूर. मी उलट तिलाच विचारलं, परीक्षा कधी आहे? पुढच्या आठवड्यात, म्हणाली. मग अभ्यास सोडून हे फोन कसले करत बसलीस, असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, "सर, मलाही याच निधीतून मिळते शिष्यवृत्ती." पुढे काय बोलणार? लिंक पाठव म्हटलं. झोप मात्र उडाली ती उडालीच.

मला एक खोड आहे. कुठल्याही विद्यापीठाच्या आवारात गेलो की मी इमारती बघत नाही, पाट्या वाचतो. अमुक यांच्या स्मरणार्थ, तमुक सालच्या तुकडीकडून सप्रेम. त्यातल्या बाकांवरच्या पाट्या सगळ्यात चांगल्या, कारण त्या बसून वाचता येतात. एका बाकावरची पितळी पाटी इतकी झिजली होती की शेवटचं 'यांच्याकडून' तेवढं उरलं होतं. कोणाकडून, ते वर्षानुवर्षं पाठ टेकणाऱ्या पोरांनी पुसून टाकलेलं. देणाऱ्याला याहून चांगली पावती कुठली मिळणार, असं मला तेव्हा वाटलं होतं. अर्थात पैसे माझे नव्हते.

नावांचा मामला तसा गमतीचाच. जॉन हार्वर्ड हार्वर्डमध्ये शिकलाच नव्हता, तो केंब्रिजचा. १६३८ साली ऐन तरुणपणी गेला आणि जाताना निम्मी मालमत्ता नि चारेकशे पुस्तकं त्या नव्या कॉलेजला ठेवून गेला. मद्रासला गव्हर्नरकी करून गब्बर झालेला एलिहू येल, तोही येलचा विद्यार्थी नव्हे. १७१८ मध्ये त्याने मालाचे ९ गठ्ठे, ४१७ पुस्तकं आणि राजे पहिले जॉर्ज यांचं एक चित्र पाठवलं, की लागलं नाव कायमचं. म्हणजे ज्यांनी तिथून काही घेतलं नाही ते देऊन मोकळे झाले. आपण, सगळं घेऊन बाहेर पडलेले, संघाचा मेल न उघडताच उडवतो.

हार्वर्डच्या त्या चारशे पुस्तकांचं पुढे काय झालं, ते तर फारच झकास. १७६४ च्या जानेवारीत आग लागून ग्रंथालय खाक झालं. जॉन हार्वर्डच्या पुस्तकांतलं एकच वाचलं, कारण ते कोणा विद्यार्थ्याने बाहेर नेलं होतं आणि मुदत उलटली तरी परत केलं नव्हतं! माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात कृतज्ञतेवर बोलणाऱ्या पाहुण्यांनी ही गोष्ट सांगू नये.

पुस्तकांवरून आठवलं. शाळेत असताना शेजारच्या ताईची पाठ्यपुस्तकं दर वर्षी माझ्याकडे यायची. समासात बारीक पेन्सिलीने शेरे: 'हे पाठच कर', 'हे कधीच विचारत नाहीत'. भूमितीतल्या एका प्रमेयापाशी नुसतंच 'इथे रडू आलं'. मलाही बरोबर तिथेच आलं. वर्ष संपल्यावर कव्हरं बदलून, कोपरे सरळ करून मी ती परत द्यायला गेलो, तर ताई हसायला लागली. "मला आता कशाला रे? खालच्या वर्गातल्या कोणाला तरी दे." दिली. देण्याआधी त्या प्रमेयाखाली 'मलाही' एवढं लिहून ठेवलं.

अमेरिकी उद्योगपती मायकेल ब्लूमबर्ग यांनी पदवी घेतल्यावर पुढच्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्सला ५ डॉलर पाठवले होते. तेवढेच परवडत होते. २०१८ मध्ये त्याच विद्यापीठाला विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीसाठी १८० कोटी डॉलर दिले. लोक दुसरा आकडा सांगतात, मला पहिल्याचं कौतुक वाटतं. पाच डॉलरची पावती फाडताना कारकुनाने तोंड वाकडं केलं नसेल कशावरून? आणि कॉर्नेल विद्यापीठाचे माजी विद्यार्थी चक फीनी! जवळजवळ १०० कोटी डॉलर दिले, तेही कित्येक वर्षं गुपचूप, आणि इमारतीवर माझं नाव नको हा हट्ट. असल्या माणसांमुळे आम्हा पाटीवाचकांची पंचाईत होते. माझा एक वर्गमित्र दर शनिवारी विद्यापीठामागच्या वस्तीतल्या मुलांना गणित शिकवायला जातो. त्याच्या शनिवारांची पाटी तरी कुठे ठोकायची?

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. ज्याला त्याला नवी वास्तू द्यायची असते. फीत कापता येते, फोटो निघतो. गळकं छत, ग्रंथालयातले बंद पडलेले दिवे, कुरकुरणारी लिफ्ट यांना दाता मिळत नाही. माझ्या हाती मोठी रक्कम आली, तर मी वसतिगृहाची स्वच्छतागृहं दुरुस्त करून घेईन आणि पुढची काही वर्षं ती रोज धुतली जातील एवढे पैसे वर ठेवीन. पाटीचं काय करायचं, ते मात्र ठरत नाही. घरच्यांना विचारलं तर म्हणाले, आडनाव तरी घालू नकोस.